सतरा नंबरची उचकी

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण ज्याने कुणी पहिल्यांदा वापरली त्याने कुठल्या तरी ऑफिसात वर्षं काढली असणार. नाही तर इतकं नेमकं सुचत नाही. सतरा नंबरच्या तेलविहिरीवर चोवीस वर्षं इमानेइतबारे प्रेशर टिपणाऱ्या काकांना एका सोमवारी कागद आला, की आपण विहिरीवर न जाता खोटे आकडे भरता असा संशय आहे, सबब चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये. निवृत्तीला आठ महिने उरले होते. दोषी ठरले तर नोकरीतून काढणार, आणि तेही खोटारडा म्हणून.

त्या कागदाला एक आलेख जोडला होता. आलेखाखाली सही होती ती तिची.

ती म्हणजे ऑफिसातली प्रॉडक्शन इंजिनीअर. चाळिशीला आलेली, हुशार, कामाला वाघ, आणि आपण कामाला वाघ आहोत हे स्वतःलाही पक्कं ठाऊक असलेली. सगळे तिला मॅडम म्हणत. चाळीस विहिरींचा अभ्यास तिच्याकडे होता: कुठल्या विहिरीतून रोज किती तेल यायला हवं, किती येतंय, आणि कमी येत असेल तर का. हे सगळं ती दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत बसून ठरवायची. खोलीच्या खिडकीतून फक्त पार्किंग दिसायचं, विहिरी तिथून पंचवीस किलोमीटर लांब. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त या उंटाला एसी होता.

काका दर अर्ध्या तासाने विहिरीच्या तोंडावरच्या गेजसमोर उभे राहत, काटा बघत आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहीत. अक्षर पोस्टातल्या माणसाचं असावं तसं, सुटं आणि ठाम. त्यांचे आकडे मात्र विचित्र असत. साडेनऊला बारा किलो (प्रेशर तिथे किलोतच मोजतात), दहाला एकतीस, साडेदहाला चौदा, अकराला एकोणतीस. आणि शेऱ्याच्या रकान्यात अधूनमधून एकच शब्द: उचकी. ऑफिसात या शब्दावर भरपूर हसून झालं होतं. सतरा नंबरची आठवण कोण काढतंय बरं, असं कुणीतरी विचारायचं आणि चहाच्या टेबलावर खसखस पिकायची. तीही हसली होती, खोटं कशाला बोला.

मग मुख्य कार्यालयाने एक नवा प्रोग्रॅम आणला. विहिरीवरून आलेला आकडा आणि मॉडेलने, म्हणजे ऑफिसातल्या गणिताने, सांगितलेला आकडा तो शेजारी शेजारी ठेवायचा, आणि फरक फार असला की लाल ठिपका द्यायचा. सतरा नंबरचं पान गोवर आल्यासारखं दिसायला लागलं. मॉडेल म्हणत होतं, प्रेशर बावीस. काका म्हणत होते बारा, एकतीस, चौदा, एकोणतीस. तिच्या खात्याच्या साहेबांनी पान बघितलं आणि म्हणाले, विहीर आहे की पाळणा? अशी कुठलीच विहीर वागत नसते, माणूस घरी बसून मनाला येईल ते खरडतोय. त्यांनी तिला तुलनेचा आलेख काढून द्यायला सांगितलं. तिने काढला, सही केली, आणि जेवायला गेली.

मॉडेलला चूक म्हणावं असं त्या इमारतीत कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माणूस चुकतो, मॉडेल कसं चुकेल? मॉडेलला घर नाही, संसार नाही, त्याला कधी डुलकी लागत नाही. काका मात्र हाडामांसाचे, त्यामुळे संशयाला सोपे.

कागद येण्याआधी काका तिच्याकडे दोनदा येऊन गेले होते. दोन्ही वेळा त्यांचं म्हणणं एकच. "मॅडम, विहीर उचक्या देते. एकदा येऊन उभ्या राहा तिच्याजवळ, तासभर. मी सांगून काय उपयोग." दोन्ही वेळा तिने बघते म्हणून सांगितलं, आणि दोन्ही वेळा मीटिंग होती. मीटिंग कशाबद्दल होती हे आता विचारलं तर तिला सांगता येणार नाही.

काका घरी बसले आणि सतरा नंबरवर नवा ऑपरेटर आला. चमत्कारच झाला म्हणायचा. आठवड्याभरात लाल ठिपके गेले. बावीस, बावीस, तेवीस, बावीस, बावीस, एकवीस, बावीस. साहेब खुशीत आले. बघा, म्हणाले, माणूस बदलला आणि विहीर सुधारली. मीटिंगमध्ये त्यांनी नव्या ऑपरेटरचं सगळ्यांसमोर कौतुकही केलं.

तिला मात्र ते पान बघून कसंतरी झालं. पंधरा वर्षं विहिरींचे आकडे वाचण्यात गेली होती तिची. मॉडेल बावीस म्हणत असेल तर विहीर वीस म्हणते, पंचवीस म्हणते, कधी सतरा म्हणते, कारण विहिरीला मॉडेलची लाज नसते. इतकी आज्ञाधारक विहीर तिने जन्मात पाहिली नव्हती. त्या दिवशी दुपारी मीटिंग होती. ती मीटिंग सोडून तिने गाडी मागवली, आणि कपाटातून प्रेशर आपोआप टिपणारा रेकॉर्डर काढून बरोबर घेतला.

विहिरीवर पोचली तेव्हा सव्वा वाजला होता. पत्र्याची खोली, बाहेर एक खुर्ची, खुर्चीत नवा ऑपरेटर डबा खात बसलेला. तिला बघून तो दचकून उठला, हात कुठे पुसावेत ते त्याला कळेना. टेबलावर रजिस्टर उघडंच होतं. तिने सहज नजर टाकली. दीडचा आकडा भरलेला होता, दोनचा भरलेला होता, आणि थेट संध्याकाळच्या पाचपर्यंत सगळे रकाने सुबक अक्षरात भरून तयार होते.

रजिस्टर तसंच ठेवून ती गेजजवळ जाऊन उभी राहिली. काटा तेरावर होता. नळीत कुठेतरी खोल खळखळ चालली होती, मग तीही थांबली. काटा बारावर आला आणि तिथेच बसला. ऊन डोक्यावर, पायाखाली तापलेली खडी, आणि विहीर अगदी गप्प. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. गेल्या कित्येक वर्षांत ती एका जागी इतका वेळ नुसती उभी राहिली नव्हती. पायांना रग लागली. मग दोन वाजून गेल्यावर नळीला एक हादरा बसला, जमीन तळव्यांना जाणवेल इतकी थरथरली, आतून ढुप ढुप करत काहीतरी वर उसळलं आणि काटा सरसर चढत एकतीसवर जाऊन थांबला. पाच-सहा मिनिटं तिथे राहिला. मग जसा चढला होता तसा उतरायला लागला.

उचकी. याहून नेमका शब्द तिच्या पुस्तकांत नव्हता.

तिने नव्या ऑपरेटरला पाना आणायला सांगितला आणि रेकॉर्डर गेजशेजारच्या व्हॉल्व्हवर बसवून घेतला. त्याने पाना ठेवल्यावर तिने एवढंच विचारलं, की बावीस कुठून आले. त्याने नजर बुटांकडे वळवली.

"मॅडम, काकांनी खरं लिहिलं. त्यांचं काय झालं ते मी बघितलं." मग म्हणाला, "ऑफिसातून फोनवर विचारलं होतं मला, बावीसच्या आसपास येतंय ना म्हणून. मी समजलो. तेवीस आणि एकवीस मी माझ्या मनाने घालतो. सगळे बावीस बरे दिसत नाहीत."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या खडीवर उभं असताना कळलं. खरं लिहिणारा माणूस घरी बसला होता आणि खोटं लिहिणाऱ्याला मीटिंगमध्ये शाबासकी मिळत होती. आणि दोन्ही गोष्टी ज्या आलेखावरून ठरल्या, त्याच्या खाली सही तिची. त्या माणसावर ओरडावं असं तिला वाटलं, पण ओरडायला तोंड कुठून आणायचं? त्याला बावीस हा आकडा तरी कुणी दिला होता? तिने त्याला सांगितलं, की उद्यापासून काटा बघून लिहा, लाल ठिपके आले तर येऊ देत.

ऑफिसात परतल्यावर तिने सतरा नंबरची फाइल चार वर्षांत पहिल्यांदा मुळापासून उघडली.

तेल विहिरीतून एकटं येत नाही. एकाच नळीतून तेल, पाणी आणि वायू असे तिघे वर निघतात, आणि तिघांचं कधी पटत नाही. वायू हलका, तो पुढे पळतो. तेल-पाणी जड, ते मागे रेंगाळतं, मधेच घसरून खाली येतं. नळीत कुठल्या क्षणी किती तेल-पाणी साचलंय हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अंदाज बांधावा लागतो. त्या अंदाजाच्या रीतीला मॉडेल म्हणायचं. प्रोग्रॅमच्या यादीत अशी अकरा मॉडेलं होती, प्रत्येकाच्या नावात ते तयार करणाऱ्या संशोधकांची दोन-दोन, तीन-तीन आडनावं जोडलेली. कुणी उभ्या नळीत प्रयोग केले होते, कुणी आडव्या, कुणी तिरक्या. ज्याने जशी नळी पाहिली तशी त्याची समज. म्हणून विहीर बघून मॉडेल निवडायचं असतं, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

चार नंबरची विहीर सरळ उभी होती. तिला यादीतलं तिसरं मॉडेल चपखल बसलं होतं. सतरा नंबरची विहीर अर्ध्यावरून चांगली साठ अंशांत तिरकी गेलेली. अशा नळीत तेल-पाणी खालच्या अंगाला लोळतं, वायू वरच्या अंगाने निसटतो, मग कुठेतरी साचून नळी तुंबते आणि मागचा वायू सगळं एका झटक्यात वर ढकलतो. पण फाइलमध्ये तेच तिसरं मॉडेल होतं. नळीचा कल शून्य लिहिलेला होता. फाइलच्या जुन्या नोंदीत स्वच्छ दिसत होतं, की चार नंबरची फाइल उचलून नाव तेवढं बदललंय. तारीख चार वर्षांपूर्वीची, आणि पुढे तिची आद्याक्षरं.

तिला तो दिवस आठवला. साहेबांना संध्याकाळपर्यंत चाळीसही फाइली हव्या होत्या. तिने विचारलं होतं, की तिरक्या विहिरींना वेगळं मॉडेल लावायला हवं ना? साहेब म्हणाले होते, चारला जुळलंय तेच लावा, कुठे घोळ घालत बसता. आणि तिने लावलं होतं. तरीही सतरा नंबरला मॉडेलचा आकडा जुळेना, तर तो एक पूर्णांक अडतीस शतांशाने गुणून बावीसवर आणून बसवला होता. ओढूनताणून चंद्रबळ. गंमत अशी, की बारा आणि एकतीस यांची सरासरीही बावीसच्या जवळच येते. एक जण दोघांचं जेवण जेवला आणि दुसरा उपाशी राहिला, तरी सरासरीने दोघंही तृप्त.

तिने नळीचा खरा कल भरला, तिरक्या नळ्यांसाठी केलेलं मॉडेल निवडलं आणि तो गुणाकार काढून टाकला. प्रोग्रॅमने तीन सेकंदांत सांगितलं, की या विहिरीत प्रवाह सलग नाही, गोळ्यागोळ्याने येणार. काका हेच चोवीस वर्षं एका शब्दात लिहीत होते. वर हेही दिसलं, की आत जरा अरुंद नळी सोडली तर उचक्या थांबतील आणि तेल जास्त येईल. म्हणजे काकांचं ऐकलं असतं तर विहीरही सुधारली असती.

दुसऱ्या दिवशी ती रेकॉर्डरचा कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. साहेब वाईट माणूस नव्हते, असं लोक म्हणत. वाढदिवस लक्षात ठेवत, कुणाच्या घरी आजारपण असलं तर सुट्टी देत. पण प्रत्येक कामावर त्यांचा प्रश्न एकच, जुळलं का? त्यामुळे मागून सगळे त्यांना जुळारी म्हणत. त्यांनी कागद बघितला, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग म्हणाले, की जुन्या फाइलमध्येही जुळत होतंच ना?

"जुळत नव्हतं, साहेब," ती म्हणाली. "जुळवलं होतं."

साहेबांनी दार लावून घेतलं आणि तिला समजावलं. सतराचं मॉडेल चुकलं म्हटलं तर बाकीच्या तिरक्या विहिरींचं काय? त्यांचेही अहवाल वर गेलेत. चार वर्षांचं काम उकरलं जाईल, आणि फाइलींवर आद्याक्षरं कुणाची आहेत हे तिने विसरू नये. त्यापेक्षा चौकशी होऊ द्यावी. समितीत ते स्वतः आहेत, काकांना काढणार नाहीत असं बघतील. थोडी ताकीद, एखादा शेरा, आणि आठ महिन्यांनी सन्मानाने निवृत्ती. सगळ्यांचंच भलं.

सगळ्यांचं म्हणजे काकांचं सोडून सगळ्यांचं. चोवीस वर्षं खरं लिहिल्याबद्दल ताकीद घ्यायची आणि वर उपकार मानायचे. ती दार उघडून बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. पण आद्याक्षरांचं वाक्य तिच्या मनात बरोबर जाऊन बसलं होतं, हेही खरं. साहेबांचा राग येणं सोपं होतं.

संध्याकाळी ती काकांच्या घरी गेली. कंपनीच्या वसाहतीतलं तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दार काकूंनी उघडलं. त्यांनी तिला ओळखलं, आत या म्हणाल्या, खुर्चीकडे हात केला आणि पाण्याचं विचारलं नाही. ओळखीच्या घरी जाऊन कोरडं बसणं काय असतं, हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. काका स्वयंपाकघरात गळक्या नळाचा वॉशर बदलत होते. हात पुसत बाहेर आले. तिने सगळं सांगितलं. रेकॉर्डर लावला, विहीर उचक्या देते हे खरं निघालं, मॉडेल चुकीचं होतं.

काकांनी विचारलं, एकतीस आला का? आला, ती म्हणाली. किती वाजता? दोन वाजून सात मिनिटांनी. काकांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं, अगदी कामाचं समाधान, आणि क्षणभर तेही विसरले की आपल्याला घरी बसवलंय.

काकू विसरल्या नव्हत्या. दाराशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "वसाहतीतल्या बायका माझ्याशी नीट बोलतात, मॅडम. फार नीट बोलतात. पूर्वी भांडायच्या." मग त्या आत निघून गेल्या.

घरी आल्यावर तिला जेवण जाईना. तिच्या सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, उभा जन्म दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेलेला, त्यामुळे माणूस काय बोलतोय यापेक्षा काय गाळतोय ते त्यांना आधी ऐकू यायचं. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, की एका माणसावर विनाकारण आळ आला. चूक कुणाची, सासूबाईंनी विचारलं. मॉडेलची, ती म्हणाली.

"मॉडेल काय आपल्या पायांनी चालत आलं होतं?" सासूबाई म्हणाल्या, आणि तिच्या ताटात भात वाढला.

नवरा हसला, मग तिचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. ती ताटावरून उठली नाही, पण भातही संपवला नाही.

चौकशी गुरुवारी होती. लांबट खोली, लांबट टेबल, पाण्याच्या सहा बाटल्या. एका बाजूला समितीचे तिघे: मुख्य कार्यालयातून आलेले अध्यक्ष, कर्मचारी विभागाचा अधिकारी आणि साहेब. दुसऱ्या बाजूला काका, इस्त्रीचा शर्ट घालून, वरचं बटण लावून. ती मध्ये, साक्षीदार म्हणून. तिने रेकॉर्डरचा कागद टेबलावर पसरला, त्यावर काकांच्या जुन्या रजिस्टरची पानं ठेवली. बारा, एकतीस, चौदा, एकोणतीस. रेकॉर्डरची रेघही तशीच, डोंगर आणि दरी, डोंगर आणि दरी. नळी तिरकी आहे, तिला उभ्या नळीचं मॉडेल लागलं होतं, त्यामुळे खरे आकडे खोटे दिसले, असं तिने सांगितलं. काकांच्या जागी आलेल्या माणसाने बावीस का लिहिले, तेही सांगितलं. साहेब त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते.

अध्यक्ष समजूतदार होते. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले, उत्तरं पटली, आणि निष्कर्ष तिथल्या तिथे टाइप करून घेतला. काम अर्ध्या तासात आटोपलं म्हणून सगळे जरा सैलावले. कागद काकांसमोर सहीसाठी आला.

काकांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. कुणी इतकं सावकाश वाचेल अशी त्या खोलीत कुणाची अपेक्षा नव्हती. कागदावर लिहिलं होतं, की सतरा क्रमांकाच्या विहिरीसाठी मॉडेलची निवड पुरेशी योग्य प्रकारे केली गेली नसल्याचे दिसते. सबब संबंधित ऑपरेटरला संशयाचा फायदा देऊन कामावर परत घेण्यात येत आहे.

"यातला संशय कुणाचा?" काकांनी विचारलं.

कर्मचारी विभागाचा अधिकारी हसून म्हणाला, की ती नुसती भाषा असते, काका, तुम्ही सुटलात, सही करा. काकांनी पेन उचललं नाही. सुटायला मी कुठे अडकलो होतो, असं ते म्हणाले, आवाज न चढवता.

"काटा बारावर होता, मी बारा लिहिलं. एकतीसवर होता, एकतीस लिहिलं. यात संशय कुठे बसतो तेवढं मला दाखवा. दाखवलंत तर सही करतो."

अध्यक्षांनी घड्याळात बघितलं. त्यांनी काकांना समजावलं, की असं अडून बसलात तर चौकशी पुन्हा लांबेल, नवी तारीख पडेल, तोवर तुम्ही घरीच. साहेबही म्हणाले, काका, कशाला ताणता, मिळतंय ते घ्या. काका कागदाकडे बघत बसून राहिले. त्यांची मान ताठ होती, पण पापण्या फार वेळा मिटत होत्या, आणि ते तिच्याशिवाय कुणी बघितलं नसावं.

ती कागद उलटा वाचत होती. केली गेली. अख्ख्या वाक्यात माणूस नव्हता. आरोपाच्या कागदात माणूस होता, नावानिशी, हुद्द्यानिशी, त्याने काय केलं ते क्रियापदासकट. आणि आता चूक निघाल्यावर ती कुणी केली नव्हती, ती आपोआप केली गेली होती, जसा पाऊस पडतो, जशी भाजी नासते. तिला साहेबांचा राग आला, त्या अधिकाऱ्याच्या हसण्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त आला तो या गोष्टीचा, की हे वाक्य वाचल्यावर पहिल्या क्षणी तिला स्वतःला हायसं वाटलं होतं.

तिने कागद आपल्याकडे ओढला. दोन्ही वाक्यांवर रेघ मारली आणि खालच्या कोऱ्या जागेत हाताने लिहिलं: "सतरा नंबरचं मॉडेल मी निवडलं. ते चुकीचं आहे हे मला कळत होतं. साहेबांनी सांगितलं म्हणून मी लावलं. ऑपरेटरने दोनदा बोलावूनही मी विहिरीवर गेले नाही. त्यांनी लिहिलेला प्रत्येक आकडा खरा होता." खाली पूर्ण नाव लिहिलं, आद्याक्षरं नाही, आणि सही केली.

साहेबांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. अध्यक्षांनी वाचलं, आणि हे तुमच्या सेवापुस्तकात जाईल, याची कल्पना आहे ना, असं तिला विचारलं. आहे, ती म्हणाली. बढतीची यादी पुढच्या महिन्यात लागणार होती, हे त्या खोलीत सगळ्यांनाच माहीत होतं. अध्यक्षांनी कागद काकांकडे सरकवला.

काकांनी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. ओळीखाली बोट धरून, शेवटपर्यंत. तिला वाटलं, आता ते मान वर करून बघतील, काहीतरी म्हणतील, जाऊ द्या म्हणतील. मोठ्या माणसांना जाऊ द्या म्हणायची सवय असते. काकांचं बोट चौथ्या वाक्यावर परत आलं आणि तिथे थांबलं.

"दोनदा नाही, मॅडम. तीनदा."

तिने मान वर केली.

"तिसऱ्यांदा तुम्ही फोनवर होतात. मी दारात उभा होतो. तुम्ही हाताने थांबा म्हणून सांगितलंत. मी वीस मिनिटं थांबलो. मग माझी परतायची गाडी होती."

तिला तो हात आठवला. स्वतःचाच, वर केलेला, तळवा दाराकडे. दारात कोण होतं हे तिने मान वळवून बघितलंच नव्हतं.

तिने पेन घेतलं, "दोनदा" खोडलं, वर "तीनदा" लिहिलं आणि खाडाखोडीपाशी पुन्हा सही केली. काकांनी ते तपासलं. मग आपल्या सुट्या, ठाम अक्षरात खाली सही केली आणि शेजारी तारीख आणि वेळ घातली: अकरा वाजून बेचाळीस मिनिटं.